अकरा महिन्यांच्या कोच मॅडम

नोकरीत असताना माझ्या टेबलावर दोनच गोष्टी साचल्या. फायली आणि किस्से. निवृत्तीच्या दिवशी फायली दुसऱ्याच्या टेबलावर गेल्या. किस्से मात्र कोणी ताब्यात घेईना, ते मला घरी आणावे लागले! चाळून पाहिले, तर निम्मे शेलार मॅडमचे निघाले.

अंबरनाथच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या त्या कोच. सोळा वर्षं होत्या, पण एका वेळी अकराच महिने. बारावा महिना सक्तीचा खंड. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. निवड झाली तर पुढचे अकरा महिने, नाही तर कायमचा रामराम. जाहिरात टाइप करणारा मी, अर्जांना क्रमांक घालणाराही मीच. अर्ज दरवर्षी एकच येई. तरी त्यावर मी 'क्रमांक एक' असं लिहीत असे. पद्धत म्हणजे पद्धत.

एका मुलाखतीत प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्याबद्दल थोडं सांगा."

"सर, मैदानात गवत फार वाढलंय असं आज सकाळी गेटवर ज्या बाईला म्हणालात ना, ती मी."

"असं होय! मग काढलंत का?"

*

मुलाखतीला संस्थेचे एक सदस्य बसत. आनंदनगर एमआयडीसीत त्यांचा छोटा कारखाना. एका वर्षी टीम पहिल्याच फेरीत हरली होती, म्हणून त्यांनी उपाय काढला.

"आपल्या मुली बुटक्या आहेत. ती रिंग दोन फूट खाली घ्या. वेल्डिंग माझ्याकडे करून देतो."

"चालेल सर. पण समोरच्या टीमलाही मग सोपंच जाईल."

"त्यांची कशाला? फक्त आपली खाली घेऊ!"

"सर, मध्यंतरानंतर बाजू बदलतात."

सदस्य लगेच म्हणाले, "मग वेल्डिंग नको. नट-बोल्ट लावू."

*

एकदा जर्सी शिवायला मॅडमबरोबर मी उल्हासनगरला गेलो. जर्सीवर संस्थेचं संपूर्ण नाव हवं, असा वरून आदेश. संस्थापकांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मंडळ, मग महाविद्यालय. दुकानातल्या सिंधी शेठने कागद वाचला, बरोबर आलेल्या कॅप्टनकडे पाहिलं आणि टेप खाली ठेवली.

"मॅडम, लडकी छोटी है, नाम बडा है. या तो नाम काटो, या लडकी डबल एक्सेल लाओ!"

नाव कापायची हिंमत कोणाची? ते छातीवर सुरू होऊन पाठीवर संपलं. आमच्या कॉलेजचं नाव वाचायचं तर रेफरीला मुलीभोवती प्रदक्षिणा घालावी लागे.

*

विठ्ठलवाडीची कविता गार्डच्या जागी खेळे. खेळाडू उत्तम, पण स्वभावाने परिचारिका. धक्का लागून समोरची पडली, की ही तिथेच वाकून "लागलं का?" तेवढ्यात बॉल आमच्या रिंगमध्ये!

मॅडम कडाडल्या, "अगं, तू नर्स आहेस की गार्ड?"

"मॅडम, वो गिर गई ना! विचारायला नको?"

"मॅच संपल्यावर विचार!"

पुढच्या मॅचला तिने तिघींना पाडलं, ढुंकूनही पाहिलं नाही. मॅच जिंकली आणि कविता गायब. अर्ध्या तासाने शांतपणे परतली.

"विचारून आले, मॅडम. तिघींनाही लागलंय."

*

खंडाचा महिना मे. त्या महिन्यात मॅडम कर्मचारी नसत. 'बाहेरील व्यक्तींना मैदानावर प्रवेश नाही' ही नोटीस माझ्याच हातची, त्यामुळे एका वर्षी वॉचमनने त्यांना गेटवर अडवलं. मॅडम वाद घालत नाहीत. त्या जाळीबाहेर फुटपाथवर स्टूल टाकून बसल्या आणि तिथून शिट्टी वाजवत सगळा सराव घेतला.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "भाऊसाहेब, हे नियमात बसतं?"

"सर, मॅडम बाहेर आहेत. शिट्टीबद्दल नोटिशीत काही नाही."

*

सतराव्या मुलाखतीला दोन अर्ज आले. क्रमांक एक दीपाली, बदलापूरजवळच्या बारवी धरणाकडल्या एका पाड्यावरची. मॅडमचीच जुनी खेळाडू. कोचिंगचा डिप्लोमा करून आलेली. त्या डिप्लोम्याचा फॉर्मही मॅडमनीच आणून दिला होता.

बाकावर मॅडमना पाहून ती उठून उभी राहिली. "तुम्ही आत पॅनेलवर नाही?"

"नाही गं. मी क्रमांक दोन."

दीपाली माझ्या टेबलाकडे धावली. मॅडम केव्हाच पर्मनंट झाल्या, ही जागा वेगळी, अशी तिची समजूत. "भाऊसाहेब, माझा अर्ज द्या परत!"

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "मॅच सुरू व्हायच्या आधीच मैदान सोडतेस? आणि उत्तर देताना छताकडे बघू नकोस. डिप्लोमा आधी दाखव, मार्कशीट नंतर."

दीपालीने डिप्लोमा आधी दाखवला. मॅडमकडे दाखवायला डिप्लोमा नव्हता.

निवडीचं पत्र मीच टाइप केलं. नाव चार वेळा तपासलं. बरोबरच होतं.

सोमवारी सकाळी साडेसहाला मैदानावर चार्ज द्यायचा होता. मी रजिस्टर घेऊन गेलो, तर मॅडम आधीच हजर. नऊ बॉल, दोन पंप, किल्ल्यांचा जुडगा, सगळं ओळीने मांडलेलं. मुली वॉर्मअप करत होत्या. नवीन कोच बदलापूरहून धापा टाकत पोचली आणि मॅडमच्या पाया पडायला वाकली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"चार मिनिटं उशीर. चार राउंड."

नवीन कोचने पर्स माझ्या हातात दिली आणि पळायला लागली.