भरती नसलेलं पाणी

मी तिसरीतून शाळा सोडली आणि लग्न होऊन समुद्रकाठच्या गावाहून थेट खानदेशात खांडबाऱ्याला आले. आमचे हे रेल्वेत सांधेवाले. शेजारी पिंजाऱ्याचं घर. तिथल्या चाचीने मला तापात पेज पाजली, बाजार दाखवला, बोली शिकवली. एवढ्या उपकारांचं काय करावं, याचीच मला धास्ती असे.

पावसाळा ओसरला की चाचा नदीतली झिंग्यांची पिल्लं टोपलीने धरून काठच्या खड्ड्यात सोडत. आमच्याकडे यांनाच कोळंबी म्हणतात. थंडीच्या तोंडावर ती विकून कापूस पिंजायच्या धनुकलीला नवी तात, म्हणजे आतड्याची दोरी, घ्यायची, असं ठरलं होतं. जुनी गाठी मारून मारून संपली होती, आणि रजयांचा सगळा हंगाम त्या तातीवर.

अशात दोघांना मयतीला गावी जावं लागलं. खड्डा माझ्यावर सोपवताना चाची म्हणाली, "मूठभर कोंडा टाकजो, बेटी. जास्ती नको."

मला मनातून हसू आलं. खाडीच्या बांधातली कोळंबी बघतच मी वाढले होते, ही मला काय शिकवणार? परत येतील तेव्हा झिंगे टपोरे दिसावेत म्हणून मी रोज सूपभर कोंडा टाकला, वर उरलेला भात. आमच्याकडे उष्टंखरकटं ओहोटी घेऊन जाते. इथलं पाणी जिथल्या तिथे, हे डोक्यातच आलं नाही.

एका सकाळी खड्ड्याला वास येत होता. काही झिंगे चिखलात चढून आले होते, बाकीचे पांढरे पडून तरंगत होते. मी नदीवरून घागरी आणून ओतत राहिले. थोडेच वाचले.

ती दोघं आली तेव्हा गाठोडं खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं. चाचा खड्डा बघून आले आणि पाय धुऊ लागले.

"खाडीनी पोर तू, झिंगास्ले माहेरपण कराले गयी," चाची म्हणाली. मग वाचलेल्यांचं कालवण करून पहिलं ताट मलाच वाढलं.

त्या थंडीत चाचा दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या धनुकलीवर मजुरीने पिंजत होते. तरी आमची रजई त्यांनी सगळ्यांच्या आधी भरून दिली. ती मी आमच्या यांच्या अंगावर घालायची आणि स्वतः घोंगडीत निजायची.