खडूचा आकडा आणि शेजारचा वार

माझी शाळा चौथीपर्यंतच. तरी सुनेचं काम मला कळतं, कारण नीट सांगितल्याशिवाय मी तिच्यासमोरून हलत नाही.

ती घरी बसून जालन्याच्या एका ऑफिसचं कंप्युटरचं काम करते. एकदा ती सोयाबीन काढायच्या मशीनसाठी नंबर लावायची वेबसाइट बनवत होती. माणूस आपला मोबाइल नंबर टाकून आत शिरला की वेबसाइटने त्याला अर्धा तास ओळखायचं, मग विसरायचं. ही ओळख दोनपैकी कोणत्या क्लाउड डेटाबेसमध्ये ठेवायची, हे तिला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. आजवर असलं सगळं पुण्याचे लोक ठरवायचे. पहिल्यांदाच तिच्यावर सोपवलं होतं. चुकली असती तर पुन्हा कोणी विचारलं नसतं.

"एक लई जल्दी चालतो, आत्या," सून म्हणाली. "पण मधीच बंद पडला तर सगळं विसरतो. अर्धा फॉर्म भरलेल्या माणसानं पुन्हा पहिल्यापासून भरायचं."

"आन दुसरा?"

"तो विसरत न्हाई. मुदत संपली की जुनं आपोआप पुसतो. मी तोच घेऊन राह्यले."

"मुदत संपली की लगेच पुसतो?"

"न्हाई, सवडीनं. कधी दोन दिवसांनी. तवर पडून राहतं, कोणाला तरास न्हाई."

"होतो तरास," मी म्हटलं.

वाटूरच्या रस्त्याला आमची पिठाची गिरणी होती. डबे ओळीने लागायचे. मी प्रत्येकावर खडूने नंबर घालायची आणि दळण झालं की ओल्या फडक्याने पुसायची. एकदा एक पुसायचा राहिला. त्या डब्याची बाई दुसऱ्या दिवशी तोच डबा घेऊन आली, वर कालचा चार. मी तिचं दळण चौथं घेतलं. खरी चौथी बाई भांडायला उठली. चूक माझीच होती, पण तेव्हा मी कबूल केलं नाही. त्यानंतर मात्र नंबराशेजारी वारही लिहायला लागले. पुसायचं राहिलं तरी वार बघितल्याशिवाय डबा हातात घ्यायची नाही.

"इथं कोण डबे घेऊन येऊन राह्यलंय, आत्या?" सून हसली.

मी शेजारणीला हाक मारली. तिच्या घरचा मोबाइल नवऱ्याबरोबर शेतात असतो, ती माझाच वापरते. तिने माझ्या मोबाइलवर चाचणीची वेबसाइट उघडली, आपला मोबाइल नंबर टाकून मशीनसाठी नंबर लावला आणि गेली. आम्ही जेवलो, भांडी झाली. तासाभराने मी मोबाइल उघडला. शेजारणीचं नाव, तिचं शेत, आणि खाली बटण: नंबर रद्द करा.

"दाबू का?"

"आत्या, नका!" सुनेचं तोंड उतरलं.

मग ती बसली. डेटाबेस तोच, न विसरणारा ठेवला, पण ओळख देण्याआधी तिची वेळ तपासायची असं लिहिलं. मुदत संपली असेल तर, पुसलेली असो नसो, धरायची नाही. शेजारणीला पुन्हा बोलावून फॉर्म भरायला लावला, पुन्हा तासभर जाऊ दिला आणि मोबाइल तिच्याच हातात दिला.

"काकू, हे काय! आत्ताच तर नंबर टाकला व्हता. याला माझी वळख बी राह्यली न्हाई का?"

सून एवढी हसली की शेजारीण चिडली. ऊन उतरायच्या आत सुनेने ऑफिसच्या साहेबाला लिहून पाठवलं. थोड्या वेळाने उत्तर आलं: हाच घ्या, पुढच्या कामाचंही तुम्हीच ठरवा.

"माझं नाव सांगितलंस का?" मी विचारलं.

"न्हाई."

"बराबर. मला चहा टाक."