हळू चालणारी पुढे

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, कन्नड तालुक्यातल्या अंतूर किल्ल्याच्या पायथ्याशी, वाटाड्याने आमच्या गटाला एका ओळीत उभे केले आणि सर्वांत पुढे मला नेले. गटात वीसेक लोक होते. माझा उजवा गुडघा बदलून वर्ष झाले नव्हते.

गट शहरातला. बरेचसे चिकलठाण्यातल्या कारखान्यांत नोकरीला, काही शिक्षक, एकदोन दुकानदार. दर हिवाळ्यात आम्ही आसपासचे डोंगर चढतो आणि मे महिन्यात हिमालयात जातो. गटाचे प्रमुख एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. मी बसपाशी थांबावे, हवे तर फोटो काढावेत, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली आहे, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, मग अंतूरवर काय ते ठरेल. वर जाऊन सगळ्यांबरोबर खाली आलात तर मे महिन्याच्या यादीत तुमचे नाव राहील, नाहीतर नाही. मी हो म्हटले.

वाटाड्या साठीचा. शेळ्या राखतो, सगळे गाव त्याला चाचा म्हणते, म्हणून आम्हीही. ओळीची पद्धत त्याची स्वतःची. सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे, त्याच्या मागे बाकीचे, सर्वांत शेवटी तो. वाटेत कोणी कोणाला ओलांडायचे नाही. गाभण शेळी मागे ठेवली तर ती कळप गाठायला पळते आणि पाय मोडून घेते, म्हणून ती पुढे, एवढेच कारण त्याने दिले. मागून कोणीतरी विचारले, म्हणजे आज मॅडम गाभण का? लोक हसले. मीही हसले. चाचा हसला नाही. ओळीच्या शेवटून त्याचा आवाज आला, “तुमी बी एक दिस म्होरं येशाल. तवा इचारा.”

वाट सुरुवातीला कापसाच्या शेतांच्या बांधावरून जाते, मग सागाच्या रानात शिरते. गवत वाळून पिवळे झाले होते. रानात शिरल्यावर चाचाने नियम मोडला आणि शेवट सोडून माझ्या मागे आला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. शहरात गुलमंडीच्या बाजारात कापड कुठे घ्यावे, सुटाचे कापड चांगले कुठे मिळते, शिवणावळ किती घेतात, असे तो विचारत राहिला. मी उत्तरे देत होते. एका चढावर मला वाक्य पुरे करता आले नाही. तो लगेच थांबला, त्यामुळे अख्खी ओळ थांबली. बसायचे नाही, उभ्यानेच दम घ्यायचा, असे त्याने सांगितले. मला पुन्हा बोलता येऊ लागले तेव्हा आम्ही निघालो. पुढच्या चढावर पुन्हा तसेच झाले. तो कापडाची चौकशी का करतो आहे, ते तेव्हा माझ्या लक्षात आले. लग्न मात्र खरेच होते.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मागे कुरकुर सुरू झाली. कोणीतरी म्हणाले, “चाचा, ये बारात कब पहुँचेगी?” चाचा म्हणाला, “बारातीला घाई नसती भाऊ. घाई जेवणाऱ्यांला असती.”

प्रमुख पुढे आले. माझ्याशी ते सौम्यपणे बोलले. ज्यांना वेगाने जायचे आहे त्यांना घेऊन ते पुढे जातील, चाचाने मला सावकाश आणावे. चाचा नाही म्हणाला. ओळ तुटली की माझी पद्धत संपली, मग तुम्ही तुमच्या जबाबदारीवर. प्रमुखांनी ती घेतली. वाट स्पष्ट होती, आणि ते याआधी दोनदा येऊन गेले होते. लोक माझ्या बाजूने, कोणी माझी माफी मागत, पुढे गेले. शाळेत शिकवणाऱ्या दोघी बहिणी मागे राहिल्या. धाकटी म्हणाली, आम्हाला आवडलं असं चालायला.

पुढे गेलेले सगळे सुखरूप वर पोचले. किल्ला पाहिला, डबे खाल्ले आणि परत फिरले. खडकात कोरलेल्या खंदकाच्या अलीकडे ते आम्हाला भेटले. दरवाजा तिथून दिसत होता.

प्रमुखांनी घड्याळ पाहिले. “मॅडम, झालं आता. इथून दिसतोच आहे किल्ला. बस थांबणार नाही.”

“न थांबू दे. मी वर जाते.”

“सगळ्यांबरोबर खाली यायचं ठरलं होतं.”

“हो.”

“मग यादीतलं नाव?”

“काढा.”

ते चाचाकडे वळले. वाटाड्या गटाने ठरवला आहे, त्याने गटाबरोबर खाली यावे, असे त्यांनी सांगितले. चाचा म्हणाला, “साहेब, वळ तुमी तोडली. मी जिच्या मागं निघालो, तिच्या मागं हाय.”

बहिणींकडे कोणीतरी पाहिले. थोरलीने पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. धाकटी तिच्या मागे. गट खाली गेला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते. दरवाज्यातून आत गेलो. तळ्यात पाणी होते. उत्तरेला खानदेशाचा सखल भाग धुरकट दिसत होता. कोणी फोटो काढला नाही, कारण कॅमेरा गटाबरोबर गेला होता आणि आमच्या फोनच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या. उतरताना चाचा माझ्या पुढे आला आणि वाटेवर सगळीकडे माझ्या खालच्या बाजूला राहिला. गुडघा दुखत होता. मी ते त्याला सांगितले. तो म्हणाला, दुखनारच, चालली ना तू.

गावात त्याच्या बायकोने भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. तिघी जीपने कन्नडला आणि तिथून एसटीने शहरात आलो.

सोमवारी मे महिन्याची यादी गटाच्या व्हॉट्सअॅपवर आली. माझे नाव नव्हते. थोड्या वेळाने दोघी बहिणींनी आपली नावे काढायला सांगितली. प्रमुखांनी कारण विचारले. धाकटीने लिहिले, आम्ही दुसरीकडे जातो आहोत.

मे महिन्यात आम्ही तिघी उत्तराखंडात गेलो. तिथल्या वाटाड्याने आम्हाला तीन दिवसांच्या वाटेवरून पाच दिवसांत नेले. खिंडीवर आम्ही तिघीही पोचलो.