कोरा तळ

“बघा बाई, एक डाग नाहीं!”

दर मंगळवारी पलंगावर टेकले की ते डावा बूट काढायचे, उलटा करायचे आणि थेट माझ्या नाकासमोर धरायचे. बूट साधा नव्हता. तळपायाच्या जखमेवर भार पडू नये म्हणून त्याला आतून खळगा ठेवलेला होता. तळ कोरा करकरीत. मी म्हणायचे, “शाबास, मामा!” तुम्हीही हेच म्हणाला असता. आमच्याकडे येणाऱ्या बाकीच्यांचे बूट बघवत नाहीत हो, शेण काय, चिखल काय!

मी मिरजेची. लग्न होऊन कुंभकोणमला आले आणि बऱ्या न होणाऱ्या जखमांच्या ओपीडीत ड्रेसिंगला लागले. इथल्या जुन्या मराठी घरातल्या पुरुषांना तमिळ माणसं ‘रायर’ म्हणतात, तसे हे मामाही रायर. कॉफी पावडरच्या दुकानात उभ्याने जन्म गेलेला. येताना माझ्यासाठी पुडी आणायचे आणि निम्मी चिकोरी असल्याचं स्वतःच सांगायचे. साखरेच्या आजाराने पायाची जाणीव गेली होती. खिळा रुतला तरी कळलं नसतं.

त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी फिस्सकन हसले होते. “अस्कं बरें होईल,” म्हणाले. अस्कं म्हणजे सगळं. पुढे मला त्या शब्दाची इतकी सवय लागली की एखाद्या मंगळवारी तो ऐकला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

जखमेवर पारदर्शक कागद ठेवून मी तिची कड आखायचे. एकदा चिंचोक्याएवढी झाली तेव्हा आम्ही दोघंही खूश. पुढच्या पंधरवड्यात परत होती तेवढी. डॉक्टरबाई विचारायच्या, “बूट घालता ना?”

“घालतों कीं!”

ते खोटं बोलत नव्हते, हे आधीच सांगते.

एका एकादशीला त्यांनी मला घरी भजनाला बोलावलं. संध्याकाळी गेले. उंबऱ्याबाहेर फळीवर तो बूट धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेला दिसला. आत मधोमध समई, तिच्याभोवती तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे इथली रांगोळी, आणि भोवताली पुरुष टाळ वाजवत, नाचत फेर धरत होते. सगळ्यात पुढे आमचे रायर, अनवाणी. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर इतकं सुख की मी तसं कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

दुसऱ्या फेरीला पांढऱ्या पिठावर ओला लाल डाग दिसला. तिसऱ्या फेरीला आणखी एक. मी ओरडायला हवं होतं. मी ड्रेसिंगवाली बाई, माझं कामच ते. पण भजन मोडायची छाती झाली नाही. आरती होईपर्यंत मी मांडी घालून गप्प बसून राहिले. स्वतःची अशी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

“मामा, घरात बूट का नाही घातला?”

ते खरोखरच गोंधळले. “घरांत? घरांत देव आहे कीं, बाई. रस्त्यावर घालतों, तुमच्याकडे येतां घालतों. आल्यावर धुतों.” मग हळूच म्हणाले, “तुम्ही तर शाबास म्हणत होतां.”

दर मंगळवारी मी न वापरलेल्या बुटाला शाबासकी देत होते. रस्त्यावर जेमतेम रिक्षापर्यंतची चार पावलं, बाकी अख्खा दिवस घरात अनवाणी.

दुसऱ्या दिवशी मी तसाच नवा बूट घेऊन गेले. “हा फक्त घरातला. याने रस्ता बघितलेलाच नाही. देवाला काय सांगायचं ते मी सांगते!” ते हसले आणि आधी त्याला नमस्कार करून मग पायात घातला. अगदी आज्ञाधारकपणे रोज घातला. पण तोवर हाडात पू झाला होता. तंजावरला पाय गुडघ्याखाली कापला. मी भेटायला गेले तर मलाच म्हणाले, “रडूं नका. अस्कं बरें होईल.” महिनाभरात गेले.

मामी दोन्ही बूट त्याच पंच्यात बांधून घेऊन आल्या. “कोणाला तरी होतील. एक तर नवाच आहे.” मी घेतले.

पुढे सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा एक शेतकरी आला. तीच जखम, तेच माप. जुना कोरा बूट त्याला देण्याआधी मी मागच्या दारी गेले आणि त्याचा तळ मातीत खसाखसा घासला. तो बिचारा बघतच राहिला. “घरात घालायचा,” मी तमिळमध्ये दरडावलं, “देवासमोरसुद्धा. स्वच्छ दिसला तर माझ्याशी गाठ आहे!”

पुढच्या मंगळवारी त्याने भीतभीतच बूट उलटा केला. तळाला चिखल होता, आणि खाचेत कोलमचं पांढरं पीठ बसलेलं होतं.

शाबास म्हणायला मी तोंड उघडलं. पण आधी पट्टी सोडून जखमेवर कागद ठेवला.