चौथा पर्याय

वहिनीचा फोन सकाळी कधीच येत नाही. सकाळी तिला पाणी, पोळ्या, देवपूजा आणि आमच्या अण्णाचा चष्मा शोधणं एवढी कामं असतात. त्या दिवशी मी हिमायतनगरच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून भाव करत होते आणि फोनवर तिचं नाव दिसलं. "ताई, यांना..." एवढंच म्हणाली आणि तिचा आवाज गेला. पुढचं शेजारच्या बाईंनी सांगितलं. चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली. जुडी मी परत ठेवली की तशीच घेऊन आले, आठवत नाही. नांदेडला बस बदलून लातूरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं... आता माझ्या रेणूचं काय होणार? सख्खा भाऊ गेला आणि ही बाई लेकीचं बघून राहिली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. शेवटच्या वर्षात अण्णाच्या जिवाला तोच एक घोर होता, तो त्याच्याकडून माझ्याकडं आला, एवढंच.

अण्णा माझा थोरला भाऊ. लातूरला एका खासगी क्लासमध्ये बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींना इंग्रजी शिकवायचा. तुझा भाऊ नेमकं काय करतो, असं माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, दुसऱ्याच्या वाक्यात चुका असतील तर त्या काढायच्या, हे शिकवतो. याचा पगार मिळतो हे ऐकून त्या थक्क झाल्या. आमच्या घरी ते काम त्या कैक वर्षं फुकट करत होत्या.

खरं सांगायचं तर अण्णाला चुकांचं फारसं कौतुक नव्हतं. चूक आहे हे माणसाला कळतं कसं, याचं त्याला वेड होतं, आणि ते लहानपणापासूनचं. आमचं गाव देगलूरजवळ. बाजारात एक जण तेलुगू बोलणार, दुसरा कानडी, तिसरा आमच्यासारखा. वडिलांबरोबर बैल बघायला गेलेला अण्णा घरी आला तो प्रश्न घेऊनच. तेलंगणातला व्यापारी म्हणाला होता, "माझी बैल उद्या लई चालला." अण्णाला हसू आवरेना. एवढं चुकीचं बोलला, तरी तुम्हाला कळलं कसं, असं त्यानं वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "त्याला बैल इकायचा होता, मला घ्यायचा होता. कळंना कसं?" अण्णा ही गोष्ट शंभरदा सांगायचा आणि प्रत्येक वेळी नव्यानं चकित व्हायचा. मला तर पुढं पुढं कंटाळा यायचा.

मोठा झाल्यावर या वेडासाठी त्याला हक्काचं गिऱ्हाईक सापडलं, ते म्हणजे मी. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं, इंग्रजीशी माझं कधी जमलं नाही. भर दुपारी फोन करायचा आणि ना बरं ना वाईट, थेट विचारायचा, "'माझी दोन जुनी तांब्याची भांडी', कसं वाटतंय?" मी म्हणायचे, बरोबर हाय. "अन् 'तांब्याची जुनी दोन माझी भांडी'?" हे कुठलं बोलणं, घेतलीस की काय, असं मी म्हणायचे. मग त्याची गाडी सुटायची. शब्द तर तेच आहेत, मग कुठं खटकलं? कोणता शब्द आधी, कोणता नंतर, हा नियम तुला कुणी शिकवला? शाळेत नाही, आईनं नाही, पुस्तकात नाही. मी पुष्कळ विचार करून काहीतरी कारण सांगायचे आणि तो पुढच्याच वाक्यात ते मोडून दाखवायचा. शेवटी मी चिडून म्हणायचे, कारण मला माहीत न्हाई, कानाला लागतं बस्स. तेवढं ऐकलं की हा खूश. "म्हंजे तुझ्या कानात एक मास्तर बसलाय अन् तुलाच त्याची ओळख न्हाई," म्हणायचा. तो मास्तर नुसतं ऐकून आणि बोलूनच येऊन बसतो, चुका पाठ करून येत नाही, असं त्याचं मत होतं. आणि पोटासाठी मात्र तो चुकाच पाठ करून घेत होता.

परीक्षेतला चूक शोधायचा प्रश्न असा असतो. एक इंग्रजी वाक्य तीन तुकडे करून देतात. कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं. चौथा पर्याय असतो, 'चूक नाही'. अण्णा सांगायचा की पाहुणे ताटातल्या शेवटच्या लाडवाला लावत नाहीत, तसा क्लासमधली पोरं त्या चौथ्या पर्यायाला हात लावत नाहीत. प्रश्न विचारलाय म्हणजे चूक असणारच, हे त्यांच्या हाडात गेलेलं.

माझी रेणू पदवी झाल्यावर मामाकडं राहून त्याच क्लासला जायला लागली. जाताना कशी पोरगी होती म्हणून सांगू! घरात पाऊल टाकलं की तिच्या तोंडाला फुरसत नसायची. संक्रांतीला आली तेव्हा वर्गात तिचा पहिला नंबर होता, आणि घरात तिचा आवाज नव्हता. काय विचारलं तरी हूं. आधी लातूरच्या मुली तिच्या 'न्हाई'ला आणि 'करून राहिले'ला हसल्या होत्या, म्हणून मराठी आवळलेली. त्यात हे चुका शोधणं. मला वाटलं, अभ्यासाचा शीण असेल. मग अण्णाचा फोन आला. क्लासमध्ये मुलाखतीचा सराव होता. रेणू उठली, एक वाक्य सुरू केलं, तोडलं, दुसरं सुरू केलं, तेही तोडलं आणि खाली बसली. "पोरगी स्वतःचंच वाक्य तपासून राहिली गं," अण्णा म्हणाला, "पुरं व्हायच्या आधीच." लेखी परीक्षेत ती पास होणार याची त्याला खात्री होती. पण त्यानंतर खरी मुलाखत होती, तिथं तोंड उघडावं लागणार होतं. आणि नोकरीचं एक वेळ जाऊ दे, मला माझी बोलकी लेक परत पाहिजे होती.

मग अण्णानं जे केलं ते लातूरमध्ये दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यानं वर्गासाठी स्वतः एक पेपर काढला, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर दिलं. झाडून सगळ्या प्रश्नांचं उत्तर, चौथा पर्याय. पोरांनी काय करावं? सगळ्यांनी चुका शोधून काढल्या! जेवढा हुशार, तेवढ्या जास्त. आमच्या रेणूनं तर प्रत्येक वाक्यात चूक काढली आणि समासात ती दुरुस्तही करून ठेवली. हुशारांचे भोपळे. पालकांचे फोन सुरू झाले, भिंतीवरचा नंबरांचा तक्ता उलटापालटा झाला. क्लासच्या संचालकांनी अण्णाला बोलावून सांगितलं, छपाईत घोळ झाला म्हणून वर्गात सांगा, विषय मिटवा. अण्णा वर्गात गेला आणि म्हणाला, छपाई बरोबर आहे, पेपरही बरोबर आहे. एक मुलगी रडायलाच लागली. "सर, बरोबरच असलेलं वाक्य विचारायचं कशाला?" अण्णा मला सांगताना म्हणाला की प्रश्न फार चांगला होता. पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात त्याचं नाव नव्हतं.

वहिनी संतापली, आणि का संतापू नये? आता घरात बसून वाक्यंच खा, म्हणाली. अण्णाला मात्र भलतीच उत्सुकता. काही दिवसांनी त्यानं आपलाच पेपर दुसऱ्या कसल्या कसल्या पेपरात मिसळला आणि स्वतः सोडवायला बसला. स्वतःच्याच वाक्यांत त्याला चुका सापडल्या! फोनवर हसून हसून त्याला ठसका लागला. "दूध नासलंय का बघ म्हणलं की वास यायलाच लागतो बघ," म्हणाला.

रेणूला मात्र हसू येईना. मामाचं काम आपल्यापायी गेलं, हे तिच्या मनानं घेतलं आणि ती आणखीनच मिटली. तेव्हा अण्णानं नवीन रीत लावली. रोज संध्याकाळी गॅलरीत बसायचं आणि रेणूनं दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. कसंही. दुरुस्ती करायची नाही, हा नियम अण्णाला स्वतःला. जन्मभराची सवय ती, जाते थोडीच! म्हणून तो भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसायचा. जीभ वळवळली की तोंडात दाणे. वहिनी टरफलं झाडताना म्हणायची, आज लई चुका झालेल्या दिसतात. मी एकदा गेले होते तेव्हा ही बैठक बघितली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण पोरगी थांबत थांबत का होईना, सांगत होती, आणि माझा भाऊ गाल फुगवून, डोळे बारीक करून ऐकत होता. त्या दिवशी मला त्याची इतकी माया आली की मी आत जाऊन डोळे पुसले.

पण त्याचा घोर गेला नव्हता. निघताना मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "माझ्यापुढं बोलती. परकं माणूस आलं की कुलूप. मी काय मुलाखतीला संगं जाणार हाव का?" मी म्हणाले, जाशील तू, तुझा काय नेम. आमची तीच शेवटची भेट. रेणू लेखीत पास झाल्याचं त्याला कळलं, तेवढं तरी सुख. मुलाखतीची तारीख यायच्या आधी तो गेला.

तेराव्याच्या आधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की गल्लीच्या तोंडाशी सरांचा फ्लेक्स लावायचा, आणि त्यावर इंग्रजीत एक वाक्य टाकायचं. झालं! फोनवरच्या ग्रुपमध्ये एकानं वाक्य टाकलं, दुसऱ्यानं त्यात चूक काढली. दुसऱ्याच्या वाक्यात तिसऱ्यानं. बँकेत अधिकारी झालेली पोरं, पण सरांच्या फोटोखाली चूक जायला नको म्हणून कुणाची छाती होईना. फ्लेक्सवाला खोळंबला, वहिनी वैतागली, मराठीत टाका नाहीतर काहीच टाकू नका म्हणाली. रेणू कोपऱ्यात बसून फोन बघत होती. जो एक माणूस हिला बोलतं करत होता तो गेला, आता ही अशीच बसणार, असं मी धरूनच चालले होते.

तेराव्याच्या सकाळी बघते तर गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागलेला, अण्णाचा हसरा फोटो आणि खाली इंग्रजीत एक लांबलचक ओळ. जेवायला आलेले विद्यार्थी पुढं उभे राहून माना तिरक्या करून वाचत होते. कुणी दिलं हे, असं एकानं विचारलं. "मी," रेणू म्हणाली. कुणाला न दाखवता ती आदल्या संध्याकाळी दुकानात देऊन आली होती. सगळे तिच्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता लागलं कुलूप. मी पुढं होऊन म्हणाले, मला वाचून दाखव बाई, माझ्या भावाबद्दल काय लिहिलंस ते. तिनं त्या सगळ्यांसमोर ओळ मोठ्यानं वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मधे कुठंही न थांबता. मग मला मराठीत सांगितलं, "माझा मामा माझी सगळी चुकीची वाक्यं शेवटपर्यंत ऐकायचा."

चष्मा लावलेल्या एका मुलानं फ्लेक्सजवळ जाऊन ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मलाही राहवलं नाही. "बरोबर हाय का गं हे?" मी विचारलं.

"माहीत न्हाई, आई," रेणू म्हणाली. "पण आता छापलंय."