बंबापाशी कोण बसणार

विक्रोळीहून रिक्षा केली की तलावाच्या काठाला आमची बैठी घरं लागतात. मागच्या थंडीत एका शेजाऱ्याने पालापाचोळा पेटवला आणि मालिका बघायला आत जाऊन बसला. पलीकडच्या बाईची ताडपत्री जळली. कमिटीने दुसऱ्याच दिवशी ठरवलं, उघड्यावर आग बंद.

त्यात आमचा अंघोळीचं पाणी तापवायचा बंबही आला.

माझ्या नवऱ्याला लकवा मारल्यापासून डावं अंग गेलेलं. उजवा हात चालतो. सकाळी अंगणात पाटावर बसवलं की त्या हाताने बंबात करवंट्या टाकत बसायचे. दिवसातलं तेवढंच त्यांचं काम. बंब बंद झाला तसे ते खाटेवरून उठेनात. मुलाने गिझर बसवून दिला. यांनी भिंतीकडे तोंड केलं. अंघोळ नको, चहा नको. डॉक्टर म्हणाले, असेच पडून राहिले तर पाठीला जखमा होतील, मग काही खरं नाही. मला ते सांगायची गरज नव्हती. सासूचं तसंच झालं होतं, मी केलं होतं सगळं.

मी मीटिंगला गेले. एरवी जात नाही.

कमिटीचा सेक्रेटरी म्हणाला, "काकी, बंब उघड्यावर आहे ना?"

"बंब उघड्यावर आहे. आग बंबाच्या पोटात आहे."

"खाली निखारे पडतात त्याचं काय?"

"खाली फरशी आहे. फरशी पेटलेली तू बघितलीस कधी?"

ताडपत्रीवाली उठली. "सगळ्यांना नियम आणि हिचा बंब काय आकाशातून पडलाय?"

"तुझी ताडपत्री आगीने नाही जळली गं," मी म्हटलं. "मालिकेने जळली. हा पेटवून आत गेला म्हणून."

मालिकावाला खाली बघायला लागला. त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली.

"मग करायचं काय?" सेक्रेटरीने विचारलं.

"जो पेटवेल त्याने शेजारी पाण्याची बादली ठेवायची आणि विझेपर्यंत उठायचं नाही. असा नियम करा."

"काकी, एवढा वेळ कोणाला आहे? बसणार कोण?"

"आमच्या घरी एक आहेत. त्यांना उठताच येत नाही."

कोणी हसेना. मग सेक्रेटरीच हसला आणि सगळे सुटले. नियम झाला. पाचोळा पेटवून तिथेच बसून राहायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे तो आता कचऱ्याच्या गाडीत जातो. पेटतो तो फक्त आमचा बंब.

पहिल्या दिवशी यांना सांगितलं तर विश्वास बसेना. पाटावर बसवल्यावर बसला. आता शेजारच्या बाया करवंट्या आणून देतात आणि बादलीभर कढत पाणी नेतात. ताडपत्रीवालीसुद्धा येते. यांचं बोलणं जडच झालंय, पण शिव्या सगळ्यांना कळतात.

"ओल्या आणल्यास परत!" हे तिच्यावर ओरडतात.

"पावसात भिजल्या, मी काय करू काका?"

"घरात ठेवायच्या!"

"घरात मी झोपू कुठे?"

असं रोज चालतं. बरोबरीने भांडते ती. आजारी माणूस म्हणून गप्प बसत नाही, हे बरं आहे.

मला मात्र आराम नाही. उजाडायच्या आधी हे हाका मारायला लागतात. "अगं, उठ. लोक येतील." लोक सातनंतर येतात. तरी मी उठते, बखोटीला धरून यांना पाटापर्यंत नेते. माणूस जड आहे.