पान एक्क्याऐंशीवरचं झाड

माझ्या कादंबरीतून काही सिद्ध होतं, असं आजवर एकाही समीक्षकानं म्हटलेलं नाही. माझ्या आईनं मात्र ती ग्रामसभेत पुरावा म्हणून सादर केली. पान एक्क्याऐंशी, झेरॉक्स काढून, वर लॅमिनेशन करून.

भानगड एका मोहाच्या झाडाची. आमच्या गडचिरोलीकडच्या गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. जमीन जंगलाची असली तरी झाड कुणाचं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. फुलं गळायच्या आधी, फाल्गुनात, ज्यानं त्यानं आपल्या झाडाखालचा पाचोळा झाडून जाळायचा. ज्यानं बुंधा साफ केला, त्याची त्या वर्षीची फुलं. ना कागद ना सही. हे फक्त फुलं खायला येणाऱ्या अस्वलाला मान्य नसतं, पण ते सभेला येत नाही.

नाल्यावरचं झाड माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं. मरताना तिनं ते आईला दिलं, असं आई सांगते. अडचण एवढीच, की तेव्हा खाटेजवळ आई एकटीच होती. आजी गेल्यावर मामानं झाडाखाली झाडलं, मामा गेल्यावर मामी झाडते. आईचं सासर त्याच गावात, माहेरापासून दहा घरांवर. त्यामुळे दर फाल्गुनात नाल्याकडून निघणारा मामीचा धूर तिला अंगणातून दिसतो, आणि त्या दिवशी आमच्या घरी भाजी खारट होते.

मी चंद्रपूरला कॉलेजात मराठी शिकवते. आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांवर कादंबरी लिहायला बसले, तेव्हा ही हकीगत आपसूकच तिच्यात उतरली. पान एक्क्याऐंशीवर खाटेवरची आजी लेकीला म्हणते, ‘नाल्यावरचा मोह तुहा.’ वाक्य आईचंच होतं, मी फक्त अवतरणचिन्हं दिली.

आई सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून ठेवून तिनं पुस्तक वाचलं आणि मला फोन केला.

“छापून आलं ना वं? मंग झालं तं. येत्या सभेत ठेवतो मी.”

“आई, ती कादंबरी आहे. कल्पित असतं ते.”

“कल्पित म्हंजे? मी तुले खोटं सांगतलं का?”

“तसं नाही गं.”

“मंग?”

वास्तव आणि कल्पित यांच्यातला फरक मी वर्गात आठवडाभर शिकवते. आईनं तो एका ‘मंग?’मध्ये निकालात काढला. सभेला हजर राहा, एवढं बजावून तिनं फोन ठेवला.

सभेत आईनं टेबलावर आधार कार्ड, राशन कार्ड आणि पान एक्क्याऐंशी ओळीनं मांडलं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वनमजूर. त्यांनी चष्मा लावून पान मोठ्यानं वाचलं. लोकांनी माना डोलावल्या. “छापील हाये, भाऊ,” मागून कोणीतरी म्हणालं. आईनं मामीकडे असं काही पाहिलं, की मला तिचं तरुणपण दिसलं.

मामीनं शांतपणे पिशवीतून माझीच कादंबरी काढली. गावच्या वाचनालयातली प्रत, खुणेला खराट्याची काडी.

“पान एकशे चौसष्ट वाचा, भाऊ.”

एकशे चौसष्टाव्या पानावर मी आईला मारलं होतं. अध्यक्षांनी तेही खड्या आवाजात वाचलं: तिला कसा ताप आला, ती कशी गेली, मुलगी बस चुकल्यामुळे कशी उशिरा पोचली आणि कोरड्या डोळ्यांनी उंबऱ्यात कशी बसून राहिली.

“पुस्तक खरं, तं ही बाई मेली,” मामी म्हणाली. “मेलेल्या बाईले झाड कसं भेटते? अन् बाई जिती हाये, तं पुस्तक लबाड. दोनातलं एक बोला.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. शेजारच्या म्हातारीनं तर तिच्या दंडाला हात लावून पाहिला. मग सगळे माझ्याकडे वळले.

“बाई, लिहणाऱ्या तुमी,” अध्यक्ष म्हणाले. “खरं काय हाये?”

इकडे आड तिकडे विहीर. खरं म्हणावं तर आई मेली, खोटं म्हणावं तर आजीचा शब्द गेला. मी घसा साफ करून म्हणाले, “काही भाग खरा आहे, काही...”

“कोन्त्या पानापरेंत?”

माझ्या आयुष्यात इतका नेमका प्रश्न मला कोणत्याच परिसंवादात कोणी विचारला नाही. तेवढ्यात आई उठली. पदर खांद्यावरून घेतला.

“पुस्तक खरं हाये,” ती म्हणाली. “मेली मी. लिहून घ्या. मंग झाड माह्या पोरीचं.”

मामीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. युक्तिवाद तिचाच होता, आता मागे घेता येईना. अध्यक्षांनी बराच वेळ कपाळ चोळलं आणि ठरावाच्या वहीत आईच्या नावापुढे ‘पुस्तकाप्रमाणे मयत’ असं लिहिलं. झाड मला मिळालं. अट एकच: रिवाजाप्रमाणे मी स्वतः झाडायचं, स्वतः वेचायचं. एक हंगाम चुकला की झाड मामीकडे.

तर मी प्राचार्यांकडे रजेचा अर्ज केला. कारण: मोहफुले वेचणे. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

फाल्गुनात मी चंद्रपूरहून चांगला मऊ फुलझाडू घेऊन गेले. पाहणीला आलेली मामी पोट धरून हसली. “ह्यानं घर झाडते, बाई. जंगल नाई.” मग तिनंच आपला खराटा माझ्या हातात दिला आणि कुठून सुरुवात करायची, वारा कुठला, आग कुठून लावायची, सगळं सांगितलं. भांडण आईशी होतं, माझ्याशी नव्हतं. आणि आई तर मेलेली होती.

फुलं पडू लागली तसं पहाटे आम्ही तिघी नाल्यावर गेलो. खाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता. मामी हद्दीवर उभी राहिली. आई एका दगडावर बसून हुकूम सोडत होती, पण फुलाला हात लावत नव्हती. “मेलेल्या बाईनं येचलं, तं मामी बोंबलन,” ती म्हणाली. माझी कंबर दुखायला लागली. या वारशावर तीनशे पानं मी खुर्चीत बसून लिहिली होती, याची मला लाज वाटली.

“उशिरा काऊन आली वं तू?” आईनं मध्येच विचारलं.

“उशीर कुठे? अजून उजाडायचंय.”

“आज नाई. मी मेली तवा.”

माझा हात थांबला.

“बस चुकली म्हून लिहलं तू. तुही बस तं कधीच चुकत नाई. अन् रडली बी नाई. मरणाचं काई नाई वं, मरते मानूस. पन मी तीन डाव वाचलं ते पान. म्हटलं, आता रडन, मंग रडन.”

तिनं सभेत ते पान मुकाट ऐकलं होतं, आणि त्यानंतर उठून, मेली मी, म्हणाली होती. मला ते आत्ता कळत होतं.

“आई, मला ते लिहिताच आलं नाही,” मी म्हणाले. “तू नाहीस, त्या घरात वेळेवर पोचायची मला भीती वाटली. म्हणून बस चुकवली.” आणि पुस्तकात जे जमलं नव्हतं, ते मोहाखाली, मामीच्या देखत, नाक ओढून ओढून झालं.

आईनं मला रडू दिलं. मग टोपलीत डोकावली.

“पुरे आता. फुलं वली झाली, तं वाळाले दोन दिस जास्ती लागते.”

ती दगडावरून उठली, टोपली आपल्याकडे ओढली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसून वेचू लागली. मामीनं ते पाहिलं. मग, मेलेली बाई दिसतच नाही तशी, ती नाल्याकडे बघू लागली.